गेनूदादांचं सासेज

इटलीतल्या लढाईहून हिर्डोशीला परत आल्यापासून गेनूदादांनी भाकरी कधी ताटात वाढून घेतली नाही. भाकरीचा पापुद्रा सोडवायचा, तिच्या पोटात पिठलं, ठेचा, कांदा, असेल तर भातसुद्धा कोंबायचा आणि अंगणात उभ्यानंच खायचं. त्यांची आमची भिंत एकच, त्यामुळे हा सोहळा मला रोज दिसे. कुणी "बसून खा की" म्हटलं, की उत्तर ठरलेलं : "इटलीत आसं न्हाई."

हे वाक्य त्यांना कुठंही चाले. बैल अडला, छप्पर गळलं, पाहुणा उशिरा आला, तरी इटलीत आसं न्हाई. मग तिथं कसं, ते मात्र सांगत नसत.

एका सकाळी चावडीवर येऊन म्हणाले, "आयतवारी म्या घरी सासेज-चीज सँडविच करनार हाय."

गावाला त्यातलं 'सासूचीच' एवढंच कळलं. दुपारी त्यांची आई गयाबाई आमच्या दारात. "सदा, त्येच्या बायकूची, सरूची सासू म्हंजे मीच की रं. ह्यो माजं काय करनार हाय?"

तयारी आधीच सुरू झाली होती. भिंतीपलीकडून असा वास यायचा, की आमच्या आईनं उंदीर मेला म्हणून सगळं घर झाडून काढलं. तो उंदीर म्हणजे चीज. दुधात करडाच्या जठराचा वाळका तुकडा टाकून दादांनी ते विरजलं होतं आणि फडक्यात बांधून जात्याखाली दाबून ठेवलं होतं.

शनिवारी मी त्यांच्याबरोबर धनगरवाड्यावर गेलो. बिरू धनगरानं बकरू कापलं होतं. दादांनी मटणाबरोबर आतडीही मागितली.

"ती कशापायी?"

"मटन भराया."

बिरू विचारात पडला. "म्हंजे मटनातनं काडायची, आन तिच्यातच परत मटन?" पण त्यानं आतडी स्वच्छ धुऊन दिली आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बघायला आला.

आयतवारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पाटील फेटा बांधून पुढं बसले. दादांनी कोयत्यानं खिमा केला, त्यात लसूण-मिरची घातली. रॉकेलचं नरसाळं राखेनं घासून घेतलं होतं, त्यातून खिमा आतडीत उतरू लागला. हातभर लांब, फुगीर सासेज तयार झालं तसे लोक उठून उभे राहिले. बांधून तुकडे केले आणि पहिला तव्यावर पडला. चरचरला, फुगला आणि बंदुकीचा बार उडावा तसा फाटकन फुटला. पाटील मागं सरले. दादा मात्र जमिनीवर पालथे. मग ते उठले, धूळ झटकली आणि बाकीच्या तुकड्यांना बाभळीच्या काट्यानं भोकं पाडत बसले.

पुढचं झरझर झालं. भोरहून आणलेला पाव चिरला, लोण्यावर भाजला. आत सासेज, वर चीजचा काप, त्यावर पाव, त्यावर वरवंटा. चीज पाघळून कडेनं उतरलं तशी सगळ्यांच्या माना खाली झुकल्या. पाटलांनी हात पुढं केला.

दादा त्यांच्यासमोरून ते गरम सँडविच घेऊन सरळ घराच्या उंबऱ्याशी गेले. आत सरूवहिनी भाकऱ्या थापत होती. लग्न झालं तसे दादा पलटणीत गेले होते, आणि ती सगळ्यांचं उरकल्यावर उरलेलं गार खात आली होती. परतल्यावरही त्या दोघांना बोलताना आम्ही कधी ऐकलं नव्हतं.

"हितं बस. खा."

"पाटील बसल्यात," गयाबाई म्हणाली. "बाईमानूस आदी खातं व्हय?"

"आये, तिकडं एका शेतकऱ्यानं आमाला घरात घेतलं व्हतं. म्हाताऱ्यानं ह्येच केलं आन पयलं आपल्या बायकूला दिलं. तवाच म्या ठरवलं व्हतं."

वहिनीनं पीठ लागलेले हात पुसले, भिंतीकडं तोंड केलं आणि घास घेतला. साहेबापुढं नवा शिपाई उभा राहावा तसे दादा उभे.

"कसं लागतंय?"

वहिनीनं आणखी एक घास घेतला. "मीठ कमी हाय."

दादा मीठ आणायला आत गेले. त्यांना ते सापडेना. "कोनाड्यात," वहिनी म्हणाली. मग, "त्यो न्हाई, पलीकडला." मग दादा काहीतरी पुटपुटले आणि ती हसली. मग उठून तीही आत गेली, आणि दोघांचा हळू बोलण्याचा आवाज येत राहिला.

तव्यावरचं दुसरं सासेज करपायला लागलं. गयाबाई हाक मारायला उठली, तर पाटलांनी तिला हातानंच खुणावून खाली बसवलं.