सहा वाजून दहा मिनिटांचा धक्का

एकवीस दिवसांत मी हरणासारखी पळणार, असं मी नवऱ्याला जाहीर केलं तेव्हा जयराज पोहे खात होता. त्यानं मान वर केली नाही. "बरं," म्हणाला आणि पोह्यातला शेंगदाणा शोधू लागला. पण माझं ठरलं होतं. ऑनलाइन व्यायामवर्ग, रोज सकाळी सहाला, मोबाइलवर थेट, घरबसल्या!

बारीक होण्याची हौस नव्हती हो. झालं होतं असं की, मागच्या महिन्यात कऱ्हाडच्या भाजीबाजारात आमच्या प्रांजलनं, वय वर्षं अडीच, माझा हात सोडला आणि ती रस्त्याकडं धावत सुटली. मी मागं धावले. वीस पावलांत बरगडीत अशी कळ आली की मी थांबलेच. माझी मुलगी उसाच्या ट्रॅक्टरकडं निघालेली आणि मी कोथिंबिरीच्या ढिगाला धरून उभी! एका भाजीवालीनं तिला फ्रॉकला धरून मागं ओढलं. "लेकराकडं ध्यान ठेवा वैनी," एवढंच म्हणाली.

ध्यान माझं चोवीस तास असतं. मी टीपॉयच्या कोपऱ्यांना स्पंज बांधलाय. पोरगी झोपली तरी श्वास चालू आहे ना, ते मी बघून येते. ध्यान होतं, पाय नव्हते.

तर वर्ग सुरू झाला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर, खाली दुसऱ्यावर धोंडुबाई आजी आणि त्यांचा मुलगा. त्यांना त्रास नको म्हणून मी वाकळ दुपदरी अंथरली. पहिले चार दिवस नुसते हातपाय ताणायचे होते. पाचव्या दिवशी उड्या आल्या. पडद्यावरची बाई म्हणाली, "मी थांबेपर्यंत कुणी थांबायचं नाही." आणि तिनं उडी मारली, तेवढ्यात आमचं नेट अडकलं. बाई हवेत! दोन्ही हात वर, पाय फाकलेले, चेहऱ्यावर हसू. ती थांबली नव्हती, ती अडकली होती. मी आज्ञाधारक विद्यार्थिनी. मी उडतच राहिले. चाळीस झाल्या, साठ झाल्या, बाई काही जमिनीवर येईना.

सत्तराव्या उडीला खालून भांडी पडल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ धोंडुबाईंची हाक. "भूकंप! भायेर पळा!"

आता आमच्या भागात ही हाक कुणी हसण्यावारी नेत नाही. कोयना हलली की कऱ्हाडची कपाटं वाजतात. धोंडुबाई तर पाटणच्या बाजूच्या. सदुसष्टचा मोठा भूकंप त्यांनी परकर-पोलक्यात असताना पाहिलेला. तेव्हापासून त्या फळीवर तीन तांबे एकावर एक रचून ठेवतात. तांबे पडले की घर सोडायचं. या उतरंडीवरून सगळी सोसायटी त्यांना चिडवायची.

मला काय, पाय आधीच थरथरत होते, म्हणजे भूकंपच! मी गॅसचा खटका बंद केला, प्रांजलला काखेत मारलं, कागदपत्रांची पिशवी खांद्याला लावली आणि तीन मजले उतरून पार्किंगमध्ये पोचले. मग हळूहळू बाकीचे आले. जयराज दाढीचा अर्धा फेस घेऊन आला. धोंडुबाईंचा मुलगा, म्हणजे आमचे अध्यक्ष, निवृत्त सुभेदार उदयसिंह, यांनी सगळ्यांना रांगेत उभं करून मोजदाद घेतली. कुणीतरी ग्रुपवर टाकलं की कऱ्हाडला जोरदार धक्का. दहा मिनिटांत पाटणहून जयराजच्या आत्याचा फोन. तिथं काही जाणवलं नव्हतं, पण आमचा मेसेज वाचून त्यांची सगळी आळी बाहेर येऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धक्का. बरोबर सहा वाजून दहा मिनिटांनी. मी भौतिकशास्त्राची पदवीधर असल्यामुळे पार्किंगमध्ये मलाच बोलावं लागलं. मोठ्या धक्क्यानंतर छोटे धक्के येतात, घाबरायचं नाही, असं मी सविस्तर समजावलं. लोकांना फार धीर आला. सुभेदारसाहेबांनी तालुक्याच्या कचेरीत फोन लावला. तिथले म्हणाले, आमच्याकडं कसलीच नोंद नाही. साहेबांनी त्यांना सुनावलं की आमच्या इमारतीत पदवीधर बाई आहे, तुम्ही आम्हाला शिकवू नका. आणि लगोलग एक निवेदन लिहायला घेतलं.

तिसऱ्या दिवशी मी खबरदारी म्हणून दार उघडं ठेवूनच वर्गाला उभी राहिले. पळताना कडीशी झटापट नको! उड्या सुरू झाल्या. पंचविसाव्या उडीला मागं कुणीतरी असल्यासारखं वाटलं. वळले तर दारात धोंडुबाई. एका हातात तांब्या, दुसरा हात कमरेवर.

"क्रांती," त्या शांतपणे म्हणाल्या, "ती कोयना तूच व्हय गं?"

मी पायाखालची वाकळ गुंडाळायला घेतली.

"कोयनेचा धक्का खालनं येतो. ह्यो वरनं येत हुता. आन मधी मधी इसावा घेत हुता. धरणीमाय कवा पाणी प्यायला थांबती व्हय?"

मला रडूच फुटलं. बाजारातलं सगळं सांगितलं. वीस पावलं, कळ, ट्रॅक्टर, कोथिंबीर. म्हटलं, आजी, आजपासून बंद करते, पण माझीच मुलगी मला धरता येत नाही हो. त्यांनी तांब्या खाली ठेवला आणि प्रांजलच्या डोक्यावरून हात फिरवला.

"बंद कशापायी? दोन्ही दिशी खाली समद्यांत आधी कोन पोचलं, बघितलंस का? पोरगी काखंत, पिशवी खांद्याला. माझा मिल्ट्रीतला ल्योक बी तुज्या मागनं आला."

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मी बाकीच्यांवर लक्ष ठेवण्यात गुंतले होते.

मग आमचा करार झाला. उड्या खाली पार्किंगमध्ये मारायच्या, वर फक्त बैठका. आणि सोसायटीला मी कबुली देणार म्हटल्यावर त्यांनी तोंडावर बोट ठेवलं. म्हणाल्या, इतकी वर्षं माझ्या तांब्यांला हसलात, आता घरटी उतरंड रचलीया, कशाला इस्कोट करतीस?

धक्के बंद झाले ते नेमके सुभेदारसाहेबांचं निवेदन कचेरीत पोचलं त्या दिवशी. मग काय विचारता! पंधरा दिवसांनी, रविवारी संध्याकाळी, पार्किंगमध्ये त्यांचा सत्कार ठरला. खुर्च्या, माइक, शाल, श्रीफळ. आभार मानायचं काम शिकलेली म्हणून माझ्याकडं. मी पहिल्या रांगेत धोंडुबाईंशेजारी बसून भाषणाचा कागद चुरगाळत होते. साहेब सांगत होते की शासनदरबारी पाठपुरावा केला तर निसर्गालाही माघार घ्यावी लागते. टाळ्या पडल्या. एवढ्यात वडापावची रिक्षा आत यायला गेट उघडलं, आणि प्रांजल माझ्या मांडीवरून घसरून गेटकडं सुटली.

या वेळी कोथिंबीर धरावी लागली नाही. साडीच्या निऱ्या उचलल्या आणि मी धावले. खुर्च्या ओलांडल्या, रिक्षाला वळसा घातला, आणि गेटच्या बाहेर तिचं पाऊल पडतंय न पडतंय तोच तिला उचललं. बाहेरून मोटारसायकल गेली ती आमच्यापासून चांगली चार हात लांबून. प्रांजल खिदळत होती. मी छातीवर हात ठेवून पाहिला. कळ नाही, धाप नाही! मला पळता येत होतं.

कुणाला तरी हे सांगावं म्हणून मी मागं वळले, तर अख्खी सोसायटी किंचाळत माझ्याच मागं गेटबाहेर येत होती. भूकंपाची जाणकार बाई पोर उचलून पळाली म्हटल्यावर बसून कोण राहणार! सगळ्यांत पुढं सत्कारमूर्ती, एका हातात श्रीफळ, शाल पायात.

पार्किंगमध्ये एकट्या धोंडुबाई बसून होत्या, पदर तोंडाला लावून. माइक चालू होता म्हणून तेवढं ऐकू आलं, "बसा गं बायांनो, ह्यो धक्का बी आपल्यातलाच हाय."