चार अर्जांतले आजोबा

पाच जणांच्या समितीसमोर एकाच फाईलमधून आपले चारही अर्ज निघाले, तेव्हा डॉक्टरच्या पायाखालची जमीन सरकली.

त्याची डॉक्टरेट गंजावर होती. दोन वर्षं तो घरी बसून होता. विद्यापीठात पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी चार जागा निघाल्या, पण त्यांत गंजाला कुणी विचारत नव्हतं. म्हणून त्यानं चारही विभागांत अर्ज ठोकले. प्रत्येक अर्जात ‘या विषयाची ओढ कशी लागली?’ असा रकाना होता, आणि चारही रकान्यांत त्यानं बिनदिक्कत आजोबांना उभं केलं. जो तो प्राध्यापक आपापलाच अर्ज वाचणार, असा त्याचा हिशेब होता. सगळ्या विभागांची समिती एकच असते, हे त्याच्या गावीही नव्हतं.

“माशांच्या अर्जात आजोबा कोळी आहेत,” अध्यक्षबाई चष्मा सावरत म्हणाल्या. “वनस्पतींच्या अर्जात माळी. ताऱ्यांच्या अर्जात ते गच्चीवर नेऊन आकाश दाखवायचे.”

“उद्योगी होते,” डॉक्टर पुटपुटला.

“आणि शेवटी तापानं गेले,” रोगजंतूंचे प्राध्यापक हळहळले. “फार वाईट झालं हो.”

डॉक्टरनं मान खाली घातली. ती लाजेनं झुकली होती, पण प्राध्यापकांना ते दुःख वाटलं. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

“असो. मूळ प्रमाणपत्रं दाखवा,” बाई म्हणाल्या.

प्रमाणपत्रांची पिशवी बाहेर होती. नातू कुठेतरी विसरेल म्हणून आजोबांनी ती सकाळपासून काखेतून सोडली नव्हती.

“नंतर आणून दिली तर चालेल?” तो घाईघाईनं म्हणाला. पण शिपायानं दार उघडलंच होतं.

“बाई, ह्यांचे आजोबा पिशवी घेऊन बसलेत. पाठवू का आत?”

आजोबा आत आले, सगळ्यांना नमस्कार करून उभे राहिले. बाईंनी चारही अर्ज त्यांना मोठ्यानं वाचून दाखवले. डॉक्टरला आपण जागच्या जागी विरघळून जावं असं वाटलं.

“हे सगळं खरं का?” बाईंनी विचारलं.

आजोबांनी नातवाकडे पाहिलं. “हो, सगळं केलंय. ते तापाचं तेवढं राहिलंय.”

आपल्यासाठी हा म्हातारा या वयात खोटं बोलला, हे मात्र डॉक्टरला सोसवेना.

“नाही बाई. हे घड्याळं दुरुस्त करतात. लहानपणी त्यांतला गंज मी ब्रशनं काढायचो. म्हणून गंजावर पीएचडी केली.”

“हे कुठल्या अर्जात आहे?”

“कुठल्याच नाही.”

बाईंनी चारही अर्ज बाजूला ठेवले. “पुढच्या आठवड्यात धातूंच्या विभागात जागा निघतेय. तिथे एवढंच लिहा.”

बाहेर आल्यावर बराच वेळ त्याला मान वर करवेना. आजोबा पिशवी सांभाळत शेजारून चालत होते.

“मी तापानं गेलो, तेव्हा रडलास का रे?”

“रडलो ना. दोन ओळी.”

आजोबा थांबले. “दोनच?”

“आजोबा,” तो खाली बघत म्हणाला, “शब्दांची मर्यादा होती.”