मखमलाबादचा स्लॅब आणि चार हुकांची मोहीम

॥ श्री काळाराम प्रसन्न ॥

शके १९२३, वृषनाम संवत्सरे, वैशाख शुद्ध षष्ठी, आदित्यवार, ते दिवशी नाशिकालगत मौजे मखमलाबाद येथे जे तुंबळ रण जाहले त्याची हकीकत, ज्यांनी घमेली उचलली त्यांचे तोंडून, आणि ज्यांनी नुसता चहा घेतला त्यांचे तोंडून अधिक तपशिलाने, ऐकोन येथे नमूद केली आहे. लिहिणार तिखटमीठ लावणार नाही. मीठ ते दिवशी वरणातच दोनदा पडले होते.

राजमान्य राजश्री रावजी, द्राक्षबागेचे धनी, यांचे आजोबांनी बांधिलेले घर भिंतींस मजबूत, परंतु वासे वाळवीने खाल्ले आणि मग कौलांतून मांजरे खाली पडू लागली, सबब कौले उतरवून स्लॅब टाकावा ऐसी मसलत ठरली. मग सोयऱ्याधायऱ्यांनी चहूमुलखांतून सल्ल्यांची रसद पाठविली. कोणी म्हणे जिना पूर्वेस, कोणी म्हणे पश्चिमेस, आणि मोरी कोठे न्यावी यावरून दोन चुलतभावांचे बोलणे महिनाभर बंद राहिले. या गलबल्यात रावजींचे कुटुंब झुंबरबाईसाहेब यांनी एकच अर्ज गुदरला. झोपाळा.

चोवीस वर्षांमागे त्या लासलगावाहून लग्न होऊन आल्या. माहेरी ओसरीवर शिसवी झोपाळा होता आणि येथले वासे उंदरांचाही भार नाखुशीने घेत. "पुढल्या साली टांगू," ऐसे वचन रावजींनी दिले आणि पुढले साल चोवीस वेळा आले. आता स्लॅब पडणार, तर माल ओतण्याआधी सळईस हूक बांधिले तरच झोपाळा, नाही तर जन्मात नाही, हे बाईसाहेब पक्के जाणून होत्या. मोरी कोठेही न्या, त्यांची हरकत नव्हती. एवढे एकच त्यांस मनापासून हवे होते.

रावजींचे मेहुणे, म्हणजे भगिनी सुलाबाई यांचे यजमान, किशोरराव एकलहरेकर, वीज केंद्रातील नामांकित फिटर. त्यांनी वहिनीसाहेबांस नजराणा म्हणून सोळा मिलीच्या सळईचे चार हूक स्वहस्ते वाकवून स्कूटरच्या डिकीत आणिले होते. घरचे जावई म्हणून मिक्सरपुढला नारळ फोडण्याचा मान त्यांचा. नारळ फोडावा, मग चारचौघांत हूक काढोन द्यावे, ऐसी तजवीज त्यांनी मनाशी केली होती.

परंतु लग्नसराईचे दिवस, स्लॅबवाल्या टोळीतील निम्मी माणसे कोणाचे वऱ्हाडात गेली आणि मालाची घमेली उचलण्यास हात कमी पडले. मग बाईसाहेबांचे बंधू जयराम लासलगावाहून ट्रॅक्टरभर भाचे-पुतणे घेऊन कुमकेस आले. हा गृहस्थ दांडगा, प्रेमळ आणि घाईचा. ट्रॅक्टरवरून उतरले, नारळ दिसला, मिक्सर दिसला, आणि कोणी काही म्हणेल तोच "बजरंगबली की जय" गर्जोन नारळ फोडिला. किशोरराव त्या वेळी मानास शोभावी म्हणून पांढरी टोपी नीट करीत मोरीपाशी उभे होते. ते बाहेर येतात तो कोणी तरी त्यांचेच हातावर खोबऱ्याचा तुकडा ठेविला.

मर्जी खट्टू जाहली. किशोरराव तडक स्कूटरीपाशी गेले. रुसून निघालेल्या माणसास स्कूटरीस अकरा किका माराव्या लागणे यापरती नामोशी नाही. कोणी तरी थांबवील म्हणून तेही सावकाश मारीत होते, परंतु मिक्सर सुरू जाहला होता आणि कोणास काही ऐकू गेले नाही. मग ते गेले, आणि डिकीतील हूकही गेले.

इकडे जिन्यावरून माणसांची साखळी लागली. घमेली वर जात, रिकामी खाली येत, आणि रावजी मधोमध उभे राहून जे चाललेच होते त्याचे हुकूम देत होते. ओसरीकडून माल पडत पडत माजघराकडे सरकला. बाईसाहेब परसात साठ पानांचा स्वयंपाक करीत होत्या. एकाएकी त्यांचे मनात काही चमकले आणि त्या झारा हातात घेऊन जिन्याखाली आल्या.

"मिस्तरी, हूक घातले का?"

"कोन्ते हूक?" गेणू मिस्त्री वरून बोलिले.

साखळी जागीच थिजली. रावजींचे तोंड सिमेंटासारखे पडले. ते म्हणाले, जे झाले ते झाले, बाजारातून लोखंडी स्टँडचा झोपाळा आणू. जयरामांनी ड्रिल मारण्याची तजवीज मांडिली. बाईसाहेबांनी दोघांकडे ऐसे पाहिले की दोघांनी आपापली घमेली पुन्हा उचलली. मग त्यांनी गेणूस काम थांबविण्याचा हुकूम केला. गेणू कळवळोन बोलिले, "ताई, हा माल हाय. थांबवला तं जोड राहतो, अन् जोड राहिला का पावसाळ्यात गळतंय. बंद नाय करता येनार. सावकाश करतो."

तेव्हा सुलाबाईंनी खबर दिली. "हूक यांच्या डिकीत हायेत, सोता वाकवलेत. हे घरी नाय जायचे. रुसले का मिसळ खात्यात. नाक्यापलीकडं, शेडमधी." ऐकताच कन्या पल्लवी, कॉलेजात दुसऱ्या वर्षास, हिने ओढणी कमरेस बांधिली आणि लुनेवर स्वार होऊन कूच केले. बाईसाहेबांनी मागे राहून वेळेशी झुंज मांडिली. सारे फौजेस चहा फर्माविला. तो संपतो तो सरबत, आणि मग कोणी न मागता पापड. तरीही माल माजघरावरून पुढे सरकतच होता.

किशोरराव दुसऱ्या तर्रीवर होते. पल्लवीने नमस्कार केला नाही, बसली नाही. "एकलहऱ्याचे मामा, डिकीत हूक राहिले. आईचा झोपाळा!"

हातातला पाव हातातच राहिला. "अरे देवा! वहिनीचा झोपाळा!" म्हणोन ते उठले, आणि अर्धी मिसळ टाकोन उठले, हे त्यांचे हयातीत प्रथमच घडले. नाराजी कोठे गेली त्यांसही कळले नाही. परंतु नाक्यावर कोणाची वरात आडवी आली. बँडवाले हटेनात, पुढे नाचणारे वाट देईनात. मग किशोररावांनी स्कूटर हाती धरिली आणि नाचत नाचत वरातीत घुसले. मागोमाग पल्लवी लुना घेऊन फुगडीच्या चालीने निघाली. नवरदेवाचे मामांनी मुलीकडचे पाहुणे समजोन दोघांस गुलाल लाविला. ऐसे लालेलाल होऊन दोघे पार जाहले.

मखमलाबादेस पोहोचतात तो ओसरी गेली, माजघर गेले, आणि केवळ स्वयंपाकघरावरच्या सळया उघड्या राहिल्या होत्या. किशोरराव हूक हाती घेऊन उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. जयराम खाली उतरले, "दाजी, नारळ माझ्या हातून चुकून फुटला, माफी करा," म्हणोन त्यांचे पाय धरू लागले, तो दोघेही एकमेकांचे गळ्यात पडोन सिमेंटाने माखले. परंतु त्याने ओसरी परत येत नव्हती. रावजी हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे आता. सैपाकघरात कुठं झोपाळा असतो? गाव हसंल."

बाईसाहेब उघड्या सळयांकडे पाहत होत्या. आधी त्यांचा चेहरा पडलेला होता. मग त्यावर जे आले ते चोवीस वर्षांत कोणी पाहिले नव्हते. त्या हसू लागल्या, आणि हसता हसता पदराने डोळे पुसू लागल्या.

"हसू द्या गावाला. ओसरीत टांगला असता तं तुम्ही अन् तुमचे पाव्हणे बसले असते, अन् मी चहा आणून दिला असता. बांधा मिस्तरी, सैपाकघरातच बांधा!"

गेणूंनी सळईवर वाकून विचारिले, "ताई, बसल्यावर तोंड कुनीकडं पायजे?"

"चुलीकडं पाठ. खिडकीतून शेवगा दिसला पायजे."

मग किशोररावांनी गुलालाचे हातांनी चारही हूक तारेने आवळले आणि त्यावर पहिले घमेले जावयाचे मानाचे म्हणोन त्यांनीच ओतले. स्लॅब पुरा जाहला. साठ माणसे खारट वरण वाखाणीत जेवली.

एकवीस दिवस स्लॅबास पाणी पाजिले आणि मग वास्तुशांत जाहली. सारे सोयरे ओसरीत झोपाळा शोधून हैराण जाहले आणि मग एकेक करून स्वयंपाकघराचे दारात येऊन उभे राहिले. आत झुंबरबाईसाहेब नवे जरीचे लुगडे नेसून, चुलीकडे पाठ करून, सावकाश झोके घेत होत्या. गॅसच्या शेगडीवर दूध चढले होते. ते फुगले, काठास आले आणि उतू गेले. नव्या घरात दूध उतू जावे हा शुभशकुन, सबब थोरल्या बायकांस काही बोलता येईना. शकुन म्हणोन जाऊ दिले की झोपाळ्यावरून उठवेना म्हणोन गेले, याचा निवाडा तेथे कोणास करता आला नाही.

दूध जात राहिले. तेव्हा रावजी भरल्या पंगतीतून उठले, आत आले, आणि बटण कोणत्या बाजूस फिरवावे हे बायकोस विचारून त्यांनी स्वहस्ते गॅस बंद केला. येणेप्रमाणे मखमलाबादची मोहीम फत्ते जाहली.