बॅनरमागचा सामना

समईला वाती पाच.

दोहामध्ये संध्याकाळ होते तेव्हा मॉरिसव्हिलमध्ये सकाळचा चहा चाललेला असतो.

सत्काराला शाली नेहमी दोन आणाव्यात. एक ऐन वेळी लागते.

इराणचे लोक कबड्डीही खेळतात.

शॉमबर्गला हिवाळ्यात म्हणे गाडीचं दार उघडत नाही. उघडलं तर लागत नाही.

स्मोक अलार्म छताला असतो, आणि कार्यक्रमाच्या दिवशी वर बघायला कुणाला वेळ नसतो.

नाणेफेक

दोन हजार सहाच्या त्या डिसेंबरात मॉरिसव्हिलला राहणाऱ्या गुरुनाथला एकाच गोष्टीची भीती होती : शॉमबर्ग. कंपनी तिथे, दूर उत्तरेकडे, नवं ऑफिस काढत होती आणि टीममधल्या एकाला तिकडे पाठवणार होती. नावं दोनच उरली होती, गुरुनाथ आणि परीक्षित. ठरवणार होता बॉस, बेहरूझ. तोही येत्या सोमवारी.

सुवर्णानं आपलं मत आधीच सांगून ठेवलं होतं. डिपेंडंट व्हिसावर कित्येक वर्षं घरात काढल्यावर तिचं वर्क परमिट आलं होतं, आणि गेल्याच महिन्यात ती एका लॅबमध्ये नोकरीला लागली होती.

"तू जा शॉमबर्गला," ती म्हणाली होती. "मी इथेच आहे. वीकेंडला फोन कर. मी उचललाच तर बोलू."

अशा परिस्थितीत माणसानं बॉससमोर जपून बोलायला हवं. गुरुनाथ कॉफी मशिनपाशी उभा होता आणि बेहरूझ मागून येऊन म्हणाला, "काय मग, वीकेंडला आपली गाठ आहे! दोहाच्या आशियाई खेळांत. भारत विरुद्ध इराण."

"कबड्डी?" गुरुनाथनं विचारलं.

"फुटबॉल!" बेहरूझचा चेहरा असा झाला, की गुरुनाथला गाडीच्या दारावरचं बर्फ दिसलं.

"म्हणजे फुटबॉलच! मी आपला गंमत करत होतो," तो घाईनं म्हणाला. "आम्ही सगळे बघणारच आहोत. तुम्ही या ना आमच्याकडे."

"नको, नको. तुम्हाला कशाला त्रास?"

"त्रास कसला त्यात!"

"नाही, खरंच नको."

"ते काही नाही. यायलाच पाहिजे."

"बरं," बेहरूझ म्हणाला. "येतो."

आपल्याकडे 'या ना घरी' हे तीनदा म्हणता येतं, कारण तीनदा म्हटल्यावरही कुणी येत नाही. हा येतो म्हणाला. आता सामना बघणं आलं, आणि गुरुनाथच्या टीव्हीवर आशियाई खेळांतली साधी तिरंदाजीसुद्धा दिसत नव्हती.

पूर्वार्ध

डिश होती ती पुरुषोत्तमकाकांकडे. मुलानं ती आईवडिलांना मराठी मालिका दिसाव्यात म्हणून बसवली होती. तिच्यावर मराठी चॅनेल एक दिसत होतं आणि अरबी अकरा. काका पुण्याच्या एका बँकेतून निवृत्त होऊन परदेशात मुलाकडे आले होते आणि दुसऱ्याच वर्षी मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले होते.

"काका, एक छोटीशी फेवर हवी होती," गुरुनाथ म्हणाला. "माझे बॉस येणारेत. तुमच्याकडे मॅच बघू का? दोन तास फक्त. तुम्हाला काहीच करायचं नाही."

काकांनी चष्मा काढला. दिवाळी होऊन गेली होती, संक्रांतीला अवकाश होता, आणि मंडळ रिकामं बसलं होतं.

"बॉस कुठले?"

"इराणचे."

"म्हणजे परदेशी पाहुणा," काका म्हणाले. आपण स्वतः कुठे बसून हे बोलतोय, याचा त्यांना क्षणभर विसर पडला असावा. "अहो, असं नुसतं सोफ्यावर बसवून वेफर्स देणार का त्यांना? मंडळातर्फे करू."

"काय करू?"

"सगळंच करू. दीपा, अगं ते आपलं स्वागतगीत आहे ना? बसवायला घे."

"काका, पण मॅच..."

"मॅच होईलच हो. मॅच काय, आपल्या हातात थोडीच आहे? कार्यक्रम आपल्या हातात आहे."

बातमी परीक्षितला कळली. परीक्षित हा अबोल, सडपातळ मुलगा, एकटाच राहायचा, आणि मंडळाच्या कार्यक्रमाला फक्त जेवणाच्या वेळी उगवायचा. या वेळी मात्र त्यानं स्वतःहून काकांना फोन केला. हार मी आणतो. बॅनर मी छापतो. पाहुण्यांना घरून मीच घेऊन येतो.

"बघितलंस?" गुरुनाथ सुवर्णाला म्हणाला. "बॉसला मस्का लावतोय. शॉमबर्ग टाळायला माणूस काय काय करतो यार!"

"मग तू काय करणारेस?"

"मी शाल घालणार. शाल माझ्या हस्ते, हे काकांकडून कबूल करून घेतलंय."

पूर्वार्ध, पुढे चालू (फुटबॉल अजून नाही)

सामन्याच्या दिवशी सकाळी काकांच्या हॉलमध्ये चाळीसेक माणसं जमली. बायका साड्यांत, त्यावर जॅकेटं. परीक्षितनं छापून आणलेला बॅनर चांगला सहा फुटी होता : 'भारत-इराण स्नेहमेळावा'. हॉलमध्ये तो सर्वांना दिसेल अशी एकच जागा होती. तिथे टीव्ही होता.

"काका, टीव्ही झाकला जातोय," गुरुनाथ कुजबुजला.

"अहो, उद्घाटनापुरता. मग काढू."

"मॅच सुरू झालीय."

"मग चालूच आहे की. बंद कुठे केलीय आपण?"

खरं होतं. टीव्ही चालू होता. बॅनरमागून अरबी समालोचन हलक्या आवाजात येत होतं, भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचं भांडण चालावं तसं. बेहरूझ पहिल्या रांगेत, मधल्या खुर्चीत बसला होता. त्यानं खास इराणची पांढरी जर्सी घातली होती, आणि त्यावर परीक्षितनं घातलेला झेंडूचा हार होता. तो मान वाकडी करून बॅनरच्या कडेनं बघायचा प्रयत्न करत होता. कडेनं त्याला हिरवळीचा एक कोपरा आणि कॉर्नरचा झेंडा दिसत होता.

"या स्पर्धेत तेवीस वर्षांखालची मुलं खेळतात," त्यानं शेजारी बसलेल्या सुवर्णाला सांगितलं. "तीन मोठे चालतात."

"आमच्या मंडळात बरोबर उलटं आहे," सुवर्णा म्हणाली.

दीपाकाकूंचं स्वागतगीत चार कडव्यांचं निघालं. मग पुरुषोत्तमकाका बोलायला उभे राहिले.

"मी आपला फार वेळ घेणार नाही," काका म्हणाले, आणि चाळीस माणसांनी खुर्चीत बैठक बदलली.

काकांनी पर्शियन भाषेतून मराठीत आलेल्या शब्दांपासून सुरुवात केली. हवा, बाजार, सरकार, जमीन. एकेक शब्द म्हणून ते बेहरूझकडे बघत, आणि बेहरूझ, ओळखीचं कुणी गर्दीत दिसावं तसा, मान डोलवी. काका 'शिपाई'पर्यंत आले आणि बॅनरमागून एकदम हजारो लोकांचा जल्लोष उसळला.

काकांनी हात जोडले. "धन्यवाद. धन्यवाद."

बेहरूझ अर्धा उठला होता. परीक्षितनं त्याला प्रेमानं खाली बसवलं. "दोनच मिनिटं, बेहरूझ. आता दीपप्रज्वलन."

मध्यंतर

दीपप्रज्वलन खरं तर सुरुवातीलाच व्हायचं. पण काडेपेटी सापडत नव्हती, म्हणून ते मागे ढकललं होतं. आता बार्बेक्यूचा लायटर सापडला. बेहरूझच्या हातून एक वात, काकांच्या हातून एक, मंडळाच्या उपाध्यक्षांच्या हातून एक. दीपाकाकूंना वाटलं, एवढं केलंच आहे तर थोडा कापूरही लावावा. कापूर मुंबईहून आणलेला होता, चांगला होता, आणि त्याचा धूर सरळ वर गेला.

वर अलार्म होता.

तो आवाज ज्यांनी ऐकलाय त्यांना सांगायला नको. पोरांनी कान झाकले. कुणीतरी टॉवेल घेऊन खुर्चीवर चढलं आणि अलार्मला वारा घालू लागलं. त्या गोंधळात काकांचा फोन वाजला.

"हॅलो? हो, बोलतोय... अहो, कार्यक्रम चालू आहे आमचा. नंतर करा," म्हणून काकांनी फोन ठेवला.

"कोण होतं?" गुरुनाथनं विचारलं.

"कुठलीतरी अलार्म कंपनी. ह्यांना पण रविवारीच सुचतं विकायला."

गुरुनाथनं डोळे मिटले. "काका, ते विकत नव्हते. ते विचारत होते, आग लागलीय का."

"मग नाही लागली ना?"

"तुम्ही ते सांगितलं नाहीत ना! आता ते बंब पाठवणार."

बंब आला. लांबलचक, लालभडक, भोंगा वाजवत. नियम म्हणजे नियम. अख्ख्या मंडळाला घराबाहेर काढून लॉनवर उभं केलं. साड्या, जॅकेटं, श्रीखंडाचं पातेलं (ते दीपाकाकूंनी सोडलं नाही), आणि मध्यभागी हार घातलेला बेहरूझ. डिसेंबरातली सकाळ. त्याला जर्सीत थंडी वाजू लागली. आत, बॅनरमागे, दोहामध्ये काय चाललं होतं ते फक्त भिंतीला माहीत.

गुरुनाथला वाटलं, संपलं. आता जाड मोजे घ्यायचे.

मग त्याला हातातली शाल दिसली. त्यानं ती उघडली आणि बेहरूझच्या खांद्यांवर घातली. सत्कार म्हणून नाही, थंडी म्हणून. पण मंडळानं शाल बघितली आणि सवयीनं टाळ्या वाजवल्या.

उत्तरार्ध

"इथे इनचार्ज कोण आहे?" बंबाबरोबर आलेल्या धिप्पाड कॅप्टननं विचारलं.

"मी अध्यक्ष," काका पुढे झाले.

"घरात काही पेटलं होतं?"

"समई. आम्हीच पेटवलेली. मंगल कार्य होतं." मग काकांची नजर कॅप्टनच्या हेल्मेटवर, बुटांवर, घरातून बाहेर येणाऱ्या त्याच्या माणसांवर फिरली. असा पाहुणा मंडळाला यापूर्वी मिळाला नव्हता, आणि तो न बोलावता आला होता. "परीक्षित, ती दुसरी शाल आण."

"काका, नको," गुरुनाथ म्हणाला.

"अहो, आपल्यासाठी धावत आलेत ते!"

कॅप्टनला शाल घातली. नारळ दिला. नारळाचं काय करायचं ते त्याला कळेना, तेव्हा त्याच्या एका माणसानं बंबातली कुऱ्हाड आणून एका घावात तो फोडला. मंडळाच्या इतिहासात इतक्या पटकन नारळ कधी फुटला नव्हता. मग काका म्हणाले, "आता कॅप्टनसाहेब दोन शब्द बोलतील." आणि तो बोलला! धूर झाला तर जमिनीलगत कसं सरकायचं, हे त्यानं लॉनवर झोपून दाखवलं. शालीसकट. बेहरूझ खो खो हसत होता. मग हसता हसता त्यानं चष्मा काढून डोळे पुसले, आणि बराच वेळ पुसत राहिला.

सगळे आत आले तेव्हा परीक्षितनं बॅनर काढला. टीव्हीवर रिकामं मैदान होतं. एक माणूस कोपऱ्यातला झेंडा उपटून नेत होता.

"किती झाले?" बेहरूझनं विचारलं.

चाळीस माणसं एकमेकांकडे बघू लागली. शेवटी कुणीतरी कॉम्प्युटरवर शोधून सांगितलं, आपण हरलो.

"म्हणजे आम्ही जिंकलो," बेहरूझ म्हणाला. आणि श्रीखंडाची वाटी पुढे केली.

जादा वेळ

सोमवारी बेहरूझनं गुरुनाथला केबिनमध्ये बोलावलं. शाल त्याच्या खुर्चीच्या पाठीवर नीट घडी घालून ठेवली होती.

"बेहरूझ, कालचं म्हणजे... आय ॲम सो सॉरी. तुमची मॅच..."

"मॅच दर चार वर्षांनी असते," बेहरूझ म्हणाला. "बस. या देशात मी इतकी वर्षं आहे. लोकांनी माझ्या खांद्यावर कामं टाकली. शाल कुणी घातली नव्हती. मला थंडी वाजतेय हे चाळीस माणसांत तुला दिसलं."

गुरुनाथच्या छातीत हलकं हलकं वाटू लागलं. मॉरिसव्हिल. घर. सुवर्णाची लॅब.

"आता तुला खरं सांगतो. शॉमबर्गला मीच चाललोय. नवं ऑफिस मला उभं करायचंय. सोबत एकच माणूस न्यायची परवानगी आहे, विश्वासातला. गेल्या शुक्रवारपर्यंत मी परीक्षितचं नाव धरून चाललो होतो."

"चांगलंय की! परीक्षित उत्तम आहे!" गुरुनाथ जवळजवळ ओरडला. "माझ्यापेक्षा कितीतरी..."

"बघ. म्हणूनच तू," बेहरूझ उठला आणि त्यानं गुरुनाथला मिठी मारली. "स्वतःच्या जागी दुसऱ्याचं नाव सुचवणारा माणूस मला आजवर भेटला नाही. वरती कळवलंय मी. जानेवारीत निघायचं."

गुरुनाथ जागेवर येऊन बसला. सुवर्णाला फोन लावायला त्यानं रिसीव्हर उचलला, ठेवला, उचलला, ठेवला. पार्टिशनवरून परीक्षितचं डोकं वर आलं. त्याचा चेहरा पार उतरलेला होता.

"अभिनंदन," परीक्षित म्हणाला.

"कसलं अभिनंदन यार! तुला मात्र मानलं. बॅनर काय, हार काय. सुटलास तू."

"हो," परीक्षित म्हणाला. "सुटलो."

तो खाली बसला.

परीक्षितचं लग्न ऑक्टोबरातच ठरलं होतं. मुलीचं नाव आश्लेषा. ती शॉमबर्गला असते.