ऑर्डेलची शेवटची हजेरी

या, जरा जवळ सरका. मागच्या रांगेतल्यांनीही खुर्च्या पुढे ओढा, हीटरची ऊब तिथवर पोचत नाही. आज एका मरणाची गोष्ट सांगायची आहे. पण लगेच तोंडं लांब करू नका. हसू आलं तर हसा, मेलेल्या माणसाची त्याला हरकत नसेल. हरकत असती तर त्याने ती रीतसर, हात वर करून नोंदवली असती.

ऑर्डेल ट्वीटन आता मरणार, हे उत्तरेकडच्या बर्फाळ स्कोगमो गावात सगळ्यांना ठाऊक होतं. वय चौऱ्याऐंशी, खुबा मोडलेला, हृदय थकलेलं. "रविवार निघाला तरी पुष्कळ," असं सांगून डॉक्टरांनी त्याला घरी पाठवलं होतं. लँटर्न क्लब या गावच्या सेवामंडळाने त्याच्या पुढच्या खोलीत आपला पलंग आणून लावला. डोक्याकडची बाजू वर-खाली होणारा हा पलंग क्लब गावातल्या आजाऱ्यांना फुकट वापरायला देत असे. तो विकत घ्यायचा ठराव वीस वर्षांपूर्वी ऑर्डेलनेच मांडला होता. तेव्हापासून त्या पलंगावरून अकरा जण गेले. उठून चालत गेलेला त्यात एकही नव्हता.

मरणाचं कुणाला काही वाटत नव्हतं. पंचाईत होती ती मंगळवारची.

लँटर्न क्लबची सभा दर मंगळवारी बारा वाजता, चर्चच्या तळघरात. घंटा, गाणं, जेवण, कामकाज, पाहुण्यांचं भाषण, पुन्हा घंटा. चाळीस वर्षांत ऑर्डेलने एकही सभा चुकवली नव्हती. मुलीचं लग्न लागलं त्या दिवशी तो बारा ते एक सभेत होता. सासऱ्याला पुरलं त्या दिवशी "घंटा झाली की आलोच" म्हणून जो गेला, तो माती लोटून झाल्यावर परतला.

या हजेरीचं पुस्तक क्लबचे चिटणीस वेंडल ओस्टबी यांच्याकडे. जन्म टपाल कचेरीत गेलेला माणूस. खाडाखोड त्याला पापासारखी वाटे. रविवारी तो भेटायला गेला तेव्हा ऑर्डेलने त्याचं मनगट धरलं.

"वेंडल, मंगळवार."

"अरे बाबा, आजाऱ्याला सूट आहे नियमात."

"सूट आळश्यांना असते."

"मग काय करू? पलंगासकट तळघरात उतरवू तुला?"

ऑर्डेलचे डोळे चमकले. "उतरवशील?"

तळघराच्या चौदा अरुंद पायऱ्या वेंडलने मनातल्या मनात मोजल्या आणि घरी जाऊन अध्यक्षांना फोन लावला. अध्यक्ष डेल्मर कुझेल हे गावातल्या अंत्यविधींचं काम पाहणारे गृहस्थ. चाळीस वर्षांत त्यांनी अर्धं गाव पुरलेलं, आणि उरलेल्या अर्ध्याकडे ते धीराने पाहत असत.

"डेल्मर, परवाची सभा ऑर्डेलच्या घरी घेऊ या."

"टिकेल का तो तोवर?"

"ते तूच सांग."

"कालच पाहून आलो त्याला. धंद्याच्या नजरेने. बुधवार मोकळा ठेवलाय मी."

"आणि नऊ जण जमतील? त्याहून कमी असले तर कोरम नाही, म्हणजे सभाच नाही."

क्लबात सतरा सभासद. सहा थंडीला भिऊन उबदार ॲरिझोनात पळालेले, दोघं दवाखान्यात. उरले नऊ, त्यात ऑर्डेलही आला.

"जमतील," डेल्मर म्हणाले, "तो जिवंत असेल तर."

सोमवारी ऑर्डेल निव्वळ हट्टाने जगला. मंगळवारी बाहेर थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठत होती. आठही जण आले, दारात बूट काढून पायमोज्यांवर आत येऊन भिंतीला टेकून बसले. सेल्मर हाउगेन तेवढा उभाच राहिला. त्याची बायको लव्हर्न अर्धांगाने आजारी, तीन आठवडे आरामखुर्चीत झोपत होती. पलंगासाठी पुढचा नंबर तिचा. सेल्मर सज्जन माणूस, पण त्याची नजर पुन्हा पुन्हा पलंगाच्या चाकांकडे जात होती.

एवढ्यात दार वाजलं. बाहेर एक तरतरीत माणूस प्रोजेक्टर कवटाळून उभा.

"मी बेकस्ट्रॉम. जिल्ह्याच्या सांडपाणी विभागातून. आज माझं भाषण आहे ना?"

वेंडलने कपाळावर हात मारला. तीन महिन्यांपूर्वी बोलावलेल्या पाहुण्याला कळवायचं राहून गेलं होतं.

ऑर्डेलची बायको आर्डिस कॉफीचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात आली. "माझ्या खोलीत, माझा नवरा मरत असताना, हा गटाराची चित्रं दाखवणार?"

"सेप्टिक टँकची, बाई," बेकस्ट्रॉम अदबीने म्हणाला.

"भाषणाशिवाय सभा होत नाही," पलंगावरून बारीक आवाज आला. आर्डिसने भांडं टेबलावर आदळलं आणि ती पलंगाशेजारी खुर्ची ओढून बसली.

बाराच्या ठोक्याला घंटा झाली. गाणं झालं. हॅमची सँडविचं फिरली. हमरस्त्याकडेचा कचरा बर्फ वितळल्यावर उचलायचं ठरलं. मग डेल्मर घसा खाकरून म्हणाले, "पुढचा विषय पलंगाचा. म्हणजे, हा पलंग मोकळा झाल्यावर... केव्हा ते देवाला ठाऊक... पण झाल्यावर..."

कुणी वर पाहीना. सेल्मर आपल्या पायमोज्याचं भोक न्याहाळत होता. शेवटी वेंडलनेच पुटपुटत ठराव मांडला: पलंग लव्हर्न हाउगेनला द्यावा. आता त्याला दुसऱ्याने दुजोरा द्यायला हवा. कोण देणार?

"अनुमोदन," ऑर्डेल म्हणाला.

अंतकाळी मुखी देवाचं नाव यावं, अशी आपली सगळ्यांची आस. ऑर्डेलच्या मुखी आलं ते हे. वेंडलने घड्याळ पाहून लिहिलं: बारा वीस, सर्वानुमते मंजूर.

मग पडदे ओढले, दिवे मालवले आणि पलंगामागच्या भिंतीवर बेकस्ट्रॉमची चित्रं उमटू लागली. तुंबलेला टँक, गोठलेला पाइप, फुटलेला पाइप. अंधारात बेकस्ट्रॉमचा आवाज संथ चालला होता, जोडीला कुणाचं तरी घोरणं. त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. भाषण सुरू झालं की ऑर्डेल नेहमीच झोपे. शेवटची घंटा झाली की दचकून जागा होई आणि न चुकता विचारी, "याने कर वाढणार का?" विषय मधमाशांचा असो की तिबेटचा.

एक वाजता घंटा झाली. दिवे लागले. सगळे ऑर्डेलच्या प्रश्नाची वाट पाहू लागले.

प्रश्न आला नाही.

डेल्मरनी वाकून पाहिलं. मग त्यांनी सावकाश जाकिटाचं बटण लावलं, आणि सगळ्यांना कळलं.

"केव्हा?" वेंडलने विचारलं.

"थंडावलाय. बराच वेळ झाला असावा."

"बराच म्हणजे किती, डेल्मर?" वेंडलचा आवाज चिरकला. त्याने खिशातून नियमावली काढली. "शंभरातले साठ भाग सभेला असला तरच हजर. साठ मिनिटांतली छत्तीस. बारा छत्तीसपर्यंत जिवंत असायला हवा! नाहीतर मला गैरहजर लिहावा लागेल. चाळीस वर्षांनंतर!"

"अरे, पण तो घोरत होता की! एकला दहा कमी असेपर्यंत," सेल्मर म्हणाला. "मी ऐकलं."

सगळ्यांचे चेहरे उजळले. डेल्मर कॉलर चाचपू लागले. "तो... मी होतो."

"तू? शेजारी मढं, आणि तू झोपलास? धंदा काय तुझा?" वेंडल ओरडला.

"धंद्यात असताना मी जागा असतो रे! इथे मी सभेला आलो होतो."

"तिसऱ्या चित्राला त्यांनी मान हलवली होती," बेकस्ट्रॉम मदतीला धावला.

"ते किती वाजता?"

"साडेबारा असतील."

सहा मिनिटं कमी. वेंडलने पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं. गैरहजर हा शब्द त्याने बावीस वर्षांत शेकडो नावांपुढे बिनदिक्कत लिहिला होता. आज हात उचलेना.

"तुम्ही आज आलात किती?" आर्डिसने खुर्चीतून विचारलं.

"आठ."

"कोरम किती?"

"नऊ."

"मग तो गेला त्या मिनिटाला तुमची सभा मोडली. जी सभाच नव्हती, तिला तो गैरहजर कसा? चाळीस वर्षं रात्रीच्या जेवणात वाटाण्यांबरोबर नियमावली खाल्लीय मी, वेंडल."

वेंडलने पान उलटलं, वाचलं आणि तो खुर्चीत बसून ढसढसा रडला. ऑर्डेल वाचला होता.

पण आता सेल्मर बुडाला. "म्हणजे सभा झालीच नाही? मग पलंगाचा ठराव?"

वेंडलने डोळे पुसून पुन्हा पान पाहिलं. सभा अर्ध्यावर मोडली तर तिच्यातला एकही ठराव धरायचा नाही, असं तिथे छापलेलं होतं. पुढच्या मंगळवारी पुन्हा घ्यायचा म्हटलं, तर नववा माणूस आणायचा कुठून? ॲरिझोनावाले वसंताआधी परतत नाहीत. ऑर्डेलची हजेरी राखावी तर त्याचा शेवटचा शब्द वाया जात होता आणि लव्हर्न वसंतापर्यंत आरामखुर्चीत.

"नियम बाजूला ठेवून पलंग ने तू, सेल्मर," कुणीतरी म्हणालं.

"नियम बाजूला ठेवून?" सेल्मर दुखावून म्हणाला. "ऑर्डेलसमोर?"

अशा कोंडीत सगळे बसलेले असताना घरोघरी आजाऱ्यांना पाहणारी नर्स ट्रूडी तिच्या रोजच्या फेरीला बर्फ झटकत आली. तिने छातीला नळी लावली, डोळ्यांत उजेड पाडला, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि कागदावर लिहिलं: एक वाजून बेचाळीस.

"अगं, तो कधीचाच गेलाय!" वेंडल म्हणाला.

"गेला असेल. पण मी तपासेपर्यंत कागदावर माणूस जिवंतच असतो. मरणाची वेळ ही. हिच्यावर सही होते." मग ती डेल्मरांकडे वळली. "तुम्हाला माहीत नव्हतं? रोज हेच कागद भरता ना?"

डेल्मरनी खिडकीबाहेर पाहिलं. "पुरायचं मात्र एप्रिलात," ते भलत्याच विषयावर बोलले. "जमीन दगड झालीय."

वेंडलने पुस्तक मांडीवर घेतलं आणि एकही खाडाखोड न करता लिहिलं: ऑर्डेल ट्वीटन, हजर. सभासद नऊ. सगळे ठराव कायम.

संध्याकाळच्या आत पलंग गेला. त्याला एका बाजूने धरून सेल्मर रडत रडतच चालला होता. वेंडल खुर्च्या जागेवर लावायला मागे राहिला. मग त्याला एकदम सुचलं की एवढ्या वादात एका माणसाला कुणी काही विचारलंच नव्हतं. ती सभासद नव्हती ना.

"आर्डिस, तू शेजारीच होतीस. तुला कळलं होतं?"

"हो. फुटलेल्या पाइपचं चित्र होतं तेव्हा. माझ्या हातातली त्याची बोटं सैल पडली."

"मग बोलली का नाहीस?"

आर्डिस उरलेली सँडविचं कागदात गुंडाळत होती. "चाळीस वर्षं मंगळवारी दुपारी मी या घरात एकटी जेवले. आज पहिल्यांदा त्याच्या शेजारी बसून जेवले. म्हटलं, घंटा होईपर्यंत तरी बसावं."

आपण सगळी घरी जाऊ, दमून भाकरीचा तुकडा मोडू, देवाचं नाव घेऊ. वरच्या दरबारात ऑर्डेलची हजेरी लागली असेलच, त्याची काळजी नको. पण येत्या मंगळवारी बाराच्या सुमाराला, पहिला घास उचलायच्या आधी, एक क्षण थांबून आर्डिसला आठवा, एवढंच मागणं.