हवालदारांचा लाल ठिपका

कोरेगावात आमच्या शेजारी रेडिओ दुरुस्त करणारे बाजीराव हवालदार गिऱ्हाइकाला 'काय बिघडलंय?' असं कधी विचारत नसत. ते विचारत, "कुणी हात लावला?"

पलटणीत त्यांनी बिनतारी संदेशाची यंत्रं सांभाळली होती. उघडलेल्या यंत्राच्या प्रत्येक स्क्रूवर ते नखपॉलिशचा लाल ठिपका देत. ठिपका तडकला की समजायचं, मागनं कुणीतरी उघडलं. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी साखरेच्या डब्यालाही ठिपका होता.

अठ्ठ्याहत्तरच्या सुमारास पाचगणीला लॉज चालवणाऱ्या माझ्या मामेभावानं मुंबईहून एक जुना व्हिडिओ गेम आणला. कपाटाएवढं धूड, पडद्यावर पांढरा चेंडू, आणि तो टोलवायला दोघांना दोन मुठी. ऐन उन्हाळ्याच्या हंगामात त्याचं चित्र सारखं वर सरकायला लागलं. मी छातीठोकपणे हवालदारांचं नाव सुचवलं, आणि मशीन टेम्पोतून कोरेगावला आलं.

हवालदारांनी आधी मामेभावावर संशय घेतला, मग माझ्यावर, मग सर्किट बोर्डावर. "पडद्याचा दोष न्हाई, मास्तर," ते मला म्हणाले. "चित्र शाबूत हाय, नुसतं थांबत न्हाई. थांब म्हणायचा हुकूम बोर्डाकडनं येतो, त्यो वाटंत कुणीतरी खातंय." एकेका चिपवर बोट ठेवून त्यांनी ताप पाहिला आणि आम्हाला बाहेर काढलं. दारावर पाटी लागली, 'तपास चालू'.

ती सहा आठवडे हलली नाही. हंगाम सरत आला. हवालदारांनी आतले भाग विकले असणार, असं मामेभाऊ म्हणू लागला. खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटू लागलं होतं. शनिवारी मशीन न्यायचं त्यानं ठरवून टाकलं.

शुक्रवारी दुपारी मी मागच्या दारानं गुपचूप आत शिरलो. पडद्यावरचं चित्र जागच्या जागी होतं. हवालदार दोन्ही हातांत दोन मुठी धरून एकटेच खेळत होते आणि डाव्या हाताला लबाडीबद्दल दम देत होते.

मला पाहून ते ओशाळले. दोष पहिल्याच आठवड्यात सापडला होता. बोर्डाच्या कडेच्या पट्ट्या मळल्या होत्या, शाळेच्या खोडरबरानं घासल्यावर काम झालं होतं.

"मग दिलं का नाही?"

त्यांनी डावी मूठ सोडली. "दोघांचा खेळ हाय, मास्तर. मला वाटलं, मशीन हितं हाय तवर कुनीतरी ईल बघाया."

मला माझीच लाज वाटली. मी डावी मूठ धरली आणि ओळीनं चार डाव हरलो.

"मुद्दाम हरताय काय?" त्यांनी डोळे बारीक करून विचारलं.

शनिवारी मामेभावाला मी बिनदिक्कत सांगितलं, चित्र अजून सरकतंय, पावसाळाभर तरी मशीन इथंच राहू दे. त्यानं माझ्याकडे संशयानं पाहिलं आणि रिकामा टेम्पो परत नेला.

संध्याकाळी गेलो तर मशीनपुढे आणखी एक स्टूल होतं. त्याच्या पायावर ओला लाल ठिपका होता.

"हे कशाला?"

"तुमचं हाय त्ये," हवालदार म्हणाले. "दुसरं कुनी बसलं तर कळाया नको?"