पाण्यातली म्हैस आणि दडवलेला नाका

एका जंगलात, मुलांनो, सगळं बरं चाललं होतं. त्यामुळे प्राण्यांना करमेना. त्यांनी मतं घेतली आणि ओढ्यापलीकडच्या जंगलाशी काडीमोड घ्यायचं ठरवलं.

सिंहमहाराजांनी दवंडी पिटवली, "पौर्णिमेपर्यंत पलीकडच्यांशी करार करू. तोवर जो जिथे आहे, त्यानं तिथेच थांबायचं. करार नाहीच झाला, तर ओढ्याची मधली रेघ ही सरहद्द. मग शिक्क्याशिवाय काहीही अलीकडे येणार नाही."

दवंडी झाली तेव्हा भागी नावाची रानम्हैस ओढ्याच्या मधोमध, त्या रेघेवरच उभी होती. तोंड अलीकडे, कास पलीकडे. तिचं रेडकू अलीकडच्या काठावर. भूक लागली की ते पाण्यात उतरायचं आणि आईला लुचायचं. करार झाला नाही, तर पौर्णिमेनंतर भागीचं दूध परदेशी माल ठरणार होतं.

"करार होईलसं काही दिसत नाही," साळिंदर सभेत म्हणालं. "शिक्का मारायला एक नाका तरी बांधून ठेवा. नाहीतर रेडकू उपाशी मरेल हो!"

रानडुक्कर उसळलं. "नाका बांधला की पलीकडचे म्हणणार, हे घाबरले! तयारी न करणं हीच आपली तयारी!"

टाळ्या पडल्या. साळिंदराला कोणीतरी फितूर म्हणालं. सिंहमहाराजांना दोघंही आपल्या बाजूला हवी होती. ते म्हणाले, "नाका बांधा. पण तो कोणाला दिसता कामा नये."

त्या जंगलात इतकं चोख काम आजवर झालं नव्हतं. साळिंदरानं करवंदीच्या जाळीत नाका असा दडवला, की पौर्णिमेला करार फिसकटल्यावर तो कोणालाच सापडेना. साळिंदराला विचारावं, तर त्यानं गुप्ततेची शपथ घेतलेली.

रेडकू काठावर रेकू लागलं. खरं सांगतो, मला फार वाईट वाटतं त्याचं. आई समोर दिसतेय आणि पोट खपाटीला गेलंय.

भागी म्हणाली, "महाराज, मी नुसती वळून उभी राहते की. कास अलीकडं येईल, तोंड जाईल तिकडं."

"खबरदार!" रानडुक्कर ओरडलं. "तोंड तिकडे म्हणजे तू तिकडची!"

"वळण्याच्या प्रश्नावर आपण समिती नेमू," सिंहमहाराज म्हणाले.

"नेमा की. तोवर माझं लेकरू काय समितीला लुचणार?" असं म्हणून भागी सरळ चालत काठावर आली. रेडकू धावत कासेला भिडलं. शिक्का कोणी मारला नाही आणि आभाळही कोसळलं नाही.

मग साळिंदर आणि रानडुक्कर पहिल्यांदाच एकमेकांशेजारी येऊन उभी राहिली. मागे दोन्ही काठांवरचे, बोलणी करणारे कोल्हे. सगळे रडवेले.

"भागीबाई, असं काय करता?" कोल्हे म्हणाले. "म्हैसच वर आली, तर आम्ही बोलणी कशावर करायची?"

सभेनं लगेच ठराव केला, की म्हशीला पुन्हा पाण्यात ढकलावं. दोन्ही काठांवरच्या सगळ्यांनी हात वर केले. काडीमोड झाल्यापासूनचं ते पहिलं एकमत होतं.

तात्पर्य: म्हैस पाण्यात असताना वर मोल करू नये, असं जुनी माणसं सांगतात. त्यांचं ऐकू नका. म्हैस बाहेर आली, तर मोल करणाऱ्यांनी खायचं काय? रेडकाचं एक सोडा. ते रेकून रेकून झोपतं.